स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी : पालकांनी या चुका टाळाव्यात

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही असे दिसले की घरातील वडीलधारे हमखास धीर देतात, "मुलगे उशिराच बोलतात, याचे काकाही चौथ्या वर्षी बोलायला लागले." या सांगण्यात माया असते, परंतु त्यात जे सहा-आठ महिने निघून जातात, ते मेंदूच्या अतिशय वेगवान वाढीचे असतात. पालकांच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी मला हेच दिसते की, जिथे वाट पाहायची नसते तिथे आपण ती पाहत बसतो आणि जिथे पाहायला हवी तिथे क्षणभरही थांबत नाही.

पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल किंवा दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा ये" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, तर तपासणी लांबवू नये. येत असलेले शब्द नाहीसे झाले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटावे. स्वमग्नता आहे की आणखी काही, हे निदान होईपर्यंत थेरपी थांबवण्याचेही कारण नाही, कारण थेरपीची सुरुवात मुलाला आज काय जमते आणि काय जमत नाही यावरून होते.

श्रवणचाचणी टाळणे ही दुसरी मोठी चूक. "दार वाजले की बघतो, म्हणजे ऐकू येते" हा निष्कर्ष फसवा आहे, कारण दाराचा आवाज ऐकणाऱ्या मुलाला "स", "श" यांसारखे सूक्ष्म ध्वनी ऐकू येत नसण्याची शक्यता असते. ओएई किंवा बेरा या यंत्राने होणाऱ्या श्रवणचाचणीत मुलाला उत्तर द्यावे लागत नाही, त्यामुळे ती तान्ह्या बाळाचीही करता येते. जिभेला वेखंड उगाळून लावल्याने मात्र वाचा येत नाही. तो वेळ चाचणीला द्यावा.

घरात मराठी बंद करून केवळ इंग्रजी बोलण्याचा सल्ला अनेकांना मिळतो. दोन भाषा कानावर पडल्याने भाषाविकास खुंटत नाही. उलट आजी-आजोबांच्या तोंडची भरभरून मराठी थांबते आणि मुलाच्या वाट्याला "सिट", "कम", "ईट" एवढीच तुटपुंजी भाषा उरते, याचे मला फार वाईट वाटते.

आता जिथे थांबायला हवे त्याविषयी. "हे काय आहे? सांग ना! म्हण, चेंडू!" असा प्रश्नांचा मारा सुरू असतो आणि मुलाने तोंड उघडण्याआधीच उत्तरही आपणच देतो. ज्या मुलाला ऐकलेले समजून शब्द जुळवायला वेळ लागतो, त्याच्याशी एक वाक्य बोलून मनात पाच ते दहा अंक मोजावेत आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे. पेल्यात दोनच घोट पाणी ओतून थांबावे. मुलाने पेला पुढे केला, बोट दाखवले किंवा नुसता आवाज काढला, तरी ते मागणेच समजून "पाणी, आणखी पाणी" म्हणत लगेच द्यावे. "शब्द म्हटल्याशिवाय मिळणार नाही" अशी अडवणूक करू नये, कारण तहानलेल्या मुलाला त्यातून भाषा नव्हे, तर हतबलता कळते. चित्र दाखवून मागणे सांगता यावे म्हणून दिलेल्या चित्रकार्डांनी बोलण्याची सवय मोडते हा समजही चुकीचा आहे. मागणे पोहोचू लागले की अनेक मुलांचे शब्दही वाढतात.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे झोपाळे आणि चेंडूंची खोली नव्हे. मुलाने स्वतःच्या हाताने जेवावे, कपडे घालावेत, वर्गात बसता यावे, यासाठी ती असते. केंद्रात आठवड्याला दोन तास होणारा सराव घरी मात्र शाळेच्या घाईत पुसला जातो, कारण बटणे आई लावते आणि घासही तीच भरवते. त्याऐवजी शेवटची पायरी मुलाकडे ठेवावी : चड्डी गुडघ्यांपर्यंत आपण चढवावी, वर त्याने ओढावी, ते जमले की त्याआधीची पायरीही त्याच्याकडे सोपवावी. मटार सोलणे, कणकेचे गोळे करणे यांतून बोटांत जी ताकद येते, ती येण्यापूर्वी साडेतीन वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने अक्षरे गिरवून घेऊ नयेत. कुकरच्या शिट्टीला कान झाकणाऱ्या मुलाला "नाटक करतो" म्हणून रागावू नये. शिट्टी होणार हे आधी सांगावे आणि हवे तर दुसऱ्या खोलीत जाऊ द्यावे.

थेरपिस्ट निवडताना नोंदणी पाहावी. स्पीच थेरपिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्रात राज्याची स्वतंत्र परिषद आहे. "सहा महिन्यांत बोलायला लावू" अशी हमी देणाऱ्या किंवा आत काय चालते हे पालकांना कधीच न दाखवणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे. खर्च झेपत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. याच कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि आपल्या मनातली शंका पथकातील डॉक्टरांना स्वतः सांगावी.