जिलेटिनची फिल्म किती वजन पेलते, हे पाहायचं तर आधी ओलावा सांभाळा

आमच्या यवतमाळकडच्या शाळेत पोरांनी प्रदर्शनासाठी ही फिल्म केली होती, सकाळी एक वजन पेलायची अन् पाऊस येऊन गेला की त्याच्या अर्ध्यातच तुटायची. पोरांना वाटलं आपलंच चुकलं, पण चुकलं काहीच नव्हतं.

5 ग्रॅम जिलेटिन 100 मिली पाण्यात अर्धा तास भिजवा, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, उकळू नका, उकळलं की प्रोटीनच्या साखळ्या तुटतात. 1 मिली ग्लिसरीन टाका, ते नसेल तर फिल्म काचेसारखी तडकते. साधारण 25 बाय 20 सेंमीच्या सपाट प्लास्टिक ट्रेमध्ये ओतून सावलीत दोन दिवस वाळू द्या, फिल्म साधारण 0.1 मिमीची होते. हे काम हिवाळ्यातच करा, कारण जिलेटिनची जेली 35 अंशांच्या आसपास पातळ होते अन् आपल्याकडचा मे महिना तर 45 चा! जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं असते, ते पोरांच्या घरी आधीच सांगून ठेवा.

आता खरी गोष्ट. पाणी साखळ्यांच्या मधात शिरते अन् त्यांची एकमेकींवरची पकड ढिली करते, म्हणून ओली फिल्म जास्त ताणते पण कमी वजनात तुटते, अन् अगदी कोरडी फिल्म जोर धरते पण न ताणता कडकन मोडते, उन्हाळ्यातला पापड अन् पावसाळ्यातला पापड आठवा. म्हणून 5 मिमी रुंद पट्ट्या नव्या ब्लेडनं कापा (काठावर बारीक चीर राहिली तर सगळा ताण तिथंच गोळा होते) अन् दोन घट्ट डब्यांत दोन दिवस ठेवा, एकात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे), दुसऱ्यात मिठाचा ओला लगदा, त्याच्यावरची हवा 75 टक्के आर्द्रतेच्या आसपास राहते. पट्टी मिठाला टेकू देऊ नका, जाळीवर ठेवा.

डब्यातून काढली की लगेच क्लिपला लटकवा, खाली 5 लिटरची कॅन बांधा अन् दर अर्ध्या मिनिटाला 100 मिली पाणी ओता. प्रत्येक डब्यातल्या निदान पाच पट्ट्या तोडा, एकीवर भरोसा ठेवू नका. पट्टीची जाडी 0.1 मिमी असली तर तिच्या आडव्या छेदाचं (रुंदी गुणिले जाडी) क्षेत्रफळ अर्धा चौरस मिमी, म्हणजे 1 किलोला ताण जवळपास 20 मेगापास्कल (दर चौरस मिमीवर 20 न्यूटन जोर).

शेवटी एक प्रयोग नक्की करा, मले तर हाच सगळ्यात आवडते: पट्टीवर पेनानं दोन खुणा करून तुटायच्या निम्मं वजन तासभर टांगून ठेवा. मिठाच्या डब्यातली पट्टी हळूहळू लांबतच जाते, कधी कधी त्या निम्म्या वजनातच तुटते, म्हणून वहीत वजनासोबत वेळ अन् डबाही लिहा.