हॉस्पिटलमधल्या रुग्णांसाठी वर्गणी काढताय? या चुका टाळा

गणपतीला दोन महिने उरले की माझा फोन वाजायला लागतो. कुठल्यातरी मंडळाचा नवा अध्यक्ष असतो. "ताई, यंदा डीजेचे पैसे वाचवलेत. हॉस्पिटलसाठी काहीतरी करायचंय. रविवारी भेटायला येऊ का?" या फोनचा मला दरवर्षी मनापासून आनंद होतो. आणि दरवर्षी पुढचं वाक्य ऐकून पोटात गोळा येतो, कारण ते बहुतेक वेळा "फळवाटप करू" हेच असतं.

मी परळला राहते. केईएम, टाटा, वाडिया ही तिन्ही हॉस्पिटलं घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. रुग्णांसाठी वर्गणी काढायची, ती योग्य खिडकीवर भरायची आणि पावती घेऊन यायची, हे काम सतरा वर्षं करतेय. त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्यात की आता एकदा लिहूनच काढते.

न विचारता नेलेली फळं

काही वर्षांपूर्वी एका मंडळाची मुलं टेम्पो भरून केळी आणि शहाळी घेऊन एका हॉस्पिटलात आली. मुलं चांगली होती, रात्रभर जागून पिशव्या भरल्या होत्या. बॅनर होता, फोटोग्राफर होता. आणि ज्या वॉर्डात ती शिरली तो डायलिसिसचा वॉर्ड होता.

किडनी निकामी झाली की शरीरातलं पोटॅशियम लघवीवाटे नीट बाहेर पडत नाही, रक्तात साठत जातं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस जाऊही शकतो. केळं आणि शहाळं, दोन्हींत पोटॅशियम भरपूर. सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "एकही केळं आत जाणार नाही." मुलांना अपमान वाटला, आवाज चढले. तोवर दोन-चार केळी वाटूनही झाली होती. दाराजवळच्या खाटेवरच्या आजोबांच्या हातात एक होतं. सिस्टरनी हात पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "खात नाही हो, नुसता वास घेतो." साल न काढता त्यांनी ते केळं नाकाशी धरलं आणि मग परत दिलं. चार वर्षं त्यांनी केळं खाल्लं नव्हतं.

तो हात मी विसरलेले नाही. म्हणून फळवाटप म्हटलं की मी कडक बोलते, कोणाला राग आला तरी.

कॅन्सरच्या वॉर्डात अडचण वेगळी. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा कापून ठेवलेलं फळ किंवा नीट न धुतलेली द्राक्षं यातूनही इन्फेक्शन होऊ शकतं. कोणाला शुगर असते. कोणाचं उद्या सकाळी ऑपरेशन असतं आणि रात्रीपासून पोटात पाणीही घ्यायचं नसतं. वॉर्डात काय चालतं हे बाहेरून कळत नाही. ते विचारावं लागतं.

माझी पद्धत साधी आहे. आठवडाभर आधी, दुपारी अडीचनंतर, म्हणजे शिफ्ट बदलून जरा शांतता झाली की एकटीनं जायचं. इन्चार्ज सिस्टरना भेटायचं आणि एकच विचारायचं, "सिस्टर, या महिन्यात वॉर्डात काय संपलंय?" 'आम्ही काय देऊ' असं विचारलं की त्या संकोचतात आणि म्हणतात, काहीही द्या. 'काय संपलंय' म्हटलं की यादी येते. माझ्या वहीत अशा याद्यांची पानंच्या पानं आहेत: मोठ्यांचे डायपर, युरिन पॉट, चादरी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर एक गोष्ट असते, ती म्हणजे गाडीभाडं. डिस्चार्जचा कागद हातात आहे आणि नांदेडला किंवा दरभंग्याला परत जायला पैसे नाहीत म्हणून फुटपाथवर थांबलेली कुटुंबं परळच्या रस्त्यावर कोणालाही दिसतील. भाडं देताना फोटो छान येत नाही, म्हणून ते कोणी देत नाही.

यादी मिळाली की डीन किंवा अधीक्षकांच्या नावे पत्र द्यायचं, परवानगी लेखी घ्यायची. चार दिवस जास्त लागतात. ज्यांना चार दिवस धीर धरवत नाही त्यांनी हे काम हाती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

योजना न बघता काढलेली वर्गणी

ज्या खर्चासाठी सोसायटीभर डबा फिरवला, तो खर्च फुकटात झाला असता हे नंतर कळतं तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून आधी मेडिकल सोशल वर्करकडे, म्हणजे रुग्णांना अशी मदत मिळवून देणाऱ्या हॉस्पिटलच्याच माणसाकडे जा. देशात या पदावर पहिली नेमणूक मुंबईतच, जे.जे.मध्ये १९४६ साली झाली. तरी आजही निम्म्या लोकांना असा माणूस हॉस्पिटलात बसतो हे माहीत नसतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात, आणि योजनेतल्या हॉस्पिटलात मार्गदर्शनासाठी आरोग्यमित्राचं टेबल असतं. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत गरीब रुग्णांसाठी पुअर बॉक्स फंड असतो. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. सिद्धिविनायक न्यासही वैद्यकीय मदत देतो.

रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांच्या सहीचं एस्टिमेट, एवढे कागद एका फाइलमध्ये लावून मगच पुढे जा. या सगळ्यातून जी रक्कम कमी पडेल, तेवढीच वर्गणी. "ताई, ही खेपा मारायची कामं कोण करणार, पटकन क्यूआर कोड टाकू," असं म्हणणारी मुलं मला दर महिन्याला भेटतात. खेपा मारणं हीच खरी मदत असते. घरचा माणूस खाटेशी बसलेला असतो, त्याला रांगेत उभं राहता येत नाही.

तारीख नसलेला मेसेज

सात वर्षांची मुलगी, ब्लड कॅन्सर. शेजारच्या एका मुलानं कळवळून मेसेज लिहिला. तिचा फोटो, आजाराचं नाव, वडिलांचा मोबाइल नंबर, 'लवकरात लवकर मदत करा, पुढे पाठवा'. मेसेज गावोगाव गेला, पैसेही आले. त्याच दिवाळीत मुलगी गेली.

मेसेज मात्र फिरत राहिला. त्यावर तारीखच नव्हती, त्यामुळे वाचणाऱ्याला तो आजचाच वाटायचा. वडील रिक्षा चालवतात. तीन वर्षांनंतरही त्यांना फोन यायचे, "आता कशी आहे हो मुलगी?" ते रिक्षा बाजूला घ्यायचे आणि प्रत्येकाला शांतपणे सांगायचे. नंबर का बदलत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, "या नंबरवरून ती आईला फोन करायची." आणि मग त्यांनी मला विचारलं, "ताई, तो मेसेज बंद करता येतो का?"

येत नाही. एकदा सुटला की तो कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून लिहितानाच काळजी घ्या. मी मेसेजच्या पहिल्या ओळीत आजची तारीख आणि दुसऱ्या ओळीत मदतीची शेवटची तारीख लिहिते. किती हवेत, किती जमले, पैसे कोणत्या खात्यात भरायचे. संपर्कासाठी कार्यकर्त्याचा नंबर, घरच्यांचा कधीच नाही. लहान मुलाचा चेहरा टाकत नाही. नळ्या लावलेला, केस गेलेला फोटो तर नाहीच. घरच्यांनी परवानगी दिली तरी नाही, कारण त्या घडीला ते कशालाही हो म्हणतात. आणि रक्कम पूर्ण झाली की ज्या ज्या ग्रुपवर मेसेज टाकला होता तिथे 'ही मदत थांबवली आहे, कृपया पुढे पाठवू नका' असा दुसरा मेसेज टाकते. नव्या कार्यकर्त्यांना हा दुसरा मेसेज कंटाळवाणा वाटतो. त्यांना मी त्या वडिलांची गोष्ट सांगते.

पैसे कोणाच्या खात्यात

कार्यकर्त्याच्या बचत खात्यात तर मुळीच नको. तो कितीही प्रामाणिक असला तरी नको, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी हिशोब मागतंच आणि तेव्हा त्याच्या घरच्या किराण्याचे आणि तुमच्या वर्गणीचे पैसे एकाच पासबुकात असतात. थेट हॉस्पिटलच्या नावे भरा आणि पावतीवर रुग्णाचा केस नंबर घाला. टाटामध्ये रुग्णाच्या स्मार्ट कार्डावर पैसे भरता येतात. मंडळ नोंदणीकृत नसेल तर सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खालची परवानगी घ्या. गणेशोत्सवासाठी जी घेता तीच वाट आहे, ऑफिस वरळीला आहे.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची देणगी संस्थेला घ्यायची असेल तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी लागते, मग तो मूळचा गिरगावचा का असेना. भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न नाही.

क्राउडफंडिंग साइटवर, म्हणजे ऑनलाइन वर्गणीच्या साइटवर देताना त्या साइटसाठी 'टिप' म्हणून आधीच लावलेला आकडा बघून घ्या.

देणगीवरची आयकर सवलत (८०जी) वस्तूंवर मिळत नाही, २,००० रुपयांच्या वरच्या रोखीवरही मिळत नाही. देणाऱ्याला हे आधीच सांगा, नंतर कटकट होत नाही.

मशीन देण्याची हौस

मशीनवर देणगीदाराचं नाव कोरता येतं, म्हणून ते सगळ्यांना द्यायचं असतं. देखभालीचा करार कोण भरणार, त्याला लागणारे सेन्सर, नळ्या, कागद कुठून येणार, ठेवायला जागा आणि चालवायला माणूस आहे का, हे कोणी विचारत नाही. एका हॉस्पिटलात मी एक मॉनिटर वर्षभर चादरीखाली पाहिलाय, कारण त्याच्या बोटाला लावायच्या क्लिपा संपल्या होत्या. सोनोग्राफी मशीन तर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय बसवताच येत नाही. मशीन द्यायचंच असेल तर पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. नाहीतर वॉर्डात जे आहे त्याच्या दुरुस्तीला द्या. दुरुस्तीवर नाव कोरता येत नाही, पण त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी बोटाला ती क्लिप लागते.

रक्तदान शिबिराबद्दल एवढंच: एका दिवशी पाचशे बाटल्यांचा विक्रम करू नका. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, लाल पेशी पाच-सहा आठवडे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्तपेढ्या रिकाम्या होतात. रक्तपेढीला फोन करून तारीख त्यांच्याकडून घ्या.

सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय

शाल-श्रीफळ आणि भाषणं पुरे झाली. बारा तास उभ्या असलेल्या माणसाला सत्काराच्या खुर्चीत आणखी दोन तास बसवू नका. हातात रोख रक्कम किंवा पाकीट तर अजिबात देऊ नका, सरकारी किंवा पालिकेच्या कर्मचाऱ्याला त्याचा त्रास होतो. चेंजिंग रूममध्ये पंखा, कपाटाला कुलूप, प्यायला गार पाणी आणि रात्रपाळीला चहाची किटली, हे मेट्रनना, म्हणजे मुख्य सिस्टरना विचारून आणि हॉस्पिटलच्या नावे द्या.

'संशोधनाला कशाला द्यायचे?'

हा प्रश्न दर सभेला येतो. चूक अशी की आपण गप्प बसतो आणि ते पैसे पुन्हा केळ्यांकडे वळतात. मी तेव्हा मुंबईचीच गोष्ट सांगते. टाटा मेमोरियलनं १९९८पासून इथल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्यांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी झाली. साधन काय, तर घरातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच अॅसिटिक अॅसिड, पातळ करून. ते लावलं की बिघडलेला भाग पांढरा पडतो आणि डोळ्यांना दिसतो. तपासणी करणाऱ्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या, डॉक्टर नव्हेत. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. २०१३ साली निष्कर्ष आला: तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

यात महागडं मशीन कुठेच नाही. खर्च होता तो दारोदार फिरणाऱ्या बायकांचा आणि वर्षानुवर्षं त्याच घरी परत जाण्याचा. संशोधनाला पैसे देताना हेच विचारा: रुग्णांना तपासणीला परत बोलावायचं भाडं कमी पडतंय का, नोंदी ठेवायला माणूस हवाय का? केईएमच्या जी. एस. मेडिकल कॉलेजला यासाठी डायमंड ज्युबिली सोसायटी ट्रस्ट आहे. तिथे देणगी कशासाठी आहे हे चिठ्ठीत स्पष्ट लिहा. आणि सहा महिन्यांत 'निकाल काय लागला' म्हणून फोन करू नका. वरच्या अभ्यासाला पंधरा वर्षं लागली.

उरलेले पैसे

रुग्ण बरा होऊन घरी गेला किंवा वाचला नाही, आणि पैसे उरले, असं होतंच. त्यावर मी चाळीतली तीस वर्षांची शेजारनाती तुटताना पाहिली आहेत. घरचे म्हणतात आमच्या माणसासाठी आलेत. मंडळ म्हणतं उपचारासाठी आलेत. दोघांचंही खरं असतं. यावर बोलायची वेळ पहिल्या दिवशी असते, तेराव्याला ते तोंडातून निघत नाही.

माझ्या पावतीपुस्तकावर खाली एक ओळ छापलेली असते: 'उरलेली रक्कम त्याच वॉर्डातील दुसऱ्या गरजू रुग्णासाठी वापरली जाईल.' वर्गणी सुरू करायच्या आधी ती ओळ मी घरच्यांना वाचून दाखवते आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांची सही घेते. कोणी सही करायला वेळ मागितला तर थांबते. आजवर एकाच घरानं नकार दिला. त्यांच्यासाठी वेगळं पुस्तक छापून घेतलं, त्या ओळीच्या जागी त्यांना हवी ती ओळ घातली आणि मगच पहिलं दार वाजवलं.