बोटभर उंचीचा पट्टेकरी

कोल्हापुरात बापट कॅम्पात आमचं घर गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांचं. लग्न होऊन आले तेव्हापासून आखणी माझ्याकडे आहे, म्हणजे मूर्तीचे डोळे. शिपाई करायला लागले ते पोरामुळं. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायला साच्यातले शाडूचे मावळे असायचे, सगळ्यांचे हात छातीशी चिकटलेले. एकदा त्यातला एक उचलून तो म्हणाला, "आई, ह्यो लढतोय कुठं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून दिवाळी झाली की गणपतीचं काम सुरू होईपर्यंत मी एक शिपाई हातानं घडवते. तो कसा, ते सांगते.

पहिला शिपाई करणार असाल तर पट्टेकरीच करा, म्हणजे दांडपट्टा चालवणारा. दांडपट्टा २०२४ साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, पण माझं कारण वेगळं आहे. एवढ्याशा मूर्तीत सगळ्यात अवघड काय असेल तर मुठीत धरलेली बोटं. पट्ट्याला मनगटाच्या वरपर्यंत झाकणारा लोखंडी खोबळा असतो आणि हाताची पकड त्याच्या आत असते. एका हाताची पाचही बोटं वाचली! दुसऱ्या हातात ढाल दिली की त्याचीही बोटं ढालीमागं जातात.

प्रसंग मी पवनखिंडीचा घेते. १२ जुलै १६६० च्या रात्री पन्हाळ्याहून निघालेली माणसं दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत, म्हणजे आताच्या पवनखिंडीत, उभी राहिली. बाजीप्रभूंचा पुतळा पन्हाळ्यावर आहेच, मी त्यांच्यामागचा, बांदलांच्या तुकडीतला एखादा बिननावाचा मावळा करते. तारीख मात्र डोक्यात पक्की ठेवायची. जुलै म्हणजे पाऊस. रात्रभर चिखलातून धावलेल्या माणसाच्या अंगावर कोरं केशरी मुंडासं आणि जरीचा शेला घातला तर तो लग्नाच्या वरातीतला दिसतो. कपडा कसा घडवायचा, रंग कुठला, पायाखाली काय, हे सगळं त्या पावसावरून ठरतं.

उंची ७५ मिलीमीटर धरा. माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो, म्हणजे डोकं बरोबर एक सेंटिमीटर. हिशेब सोपा जातो. जांघ निम्म्या उंचीवर येते. गणपतीत वाढलेल्या हाताला डोकं मोठं करायची खोड असते, म्हणून मी कागदावर एकेक सेंटिमीटरच्या रेघा मारून आतल्या सांगाड्याची तार त्यावर आडवी ठेवूनच वाकवते.

तार वायरमनकडची, तांब्याची, दीड एमएमची. तिच्यावर बारीक तार गुंडाळा, नाहीतर अंग घडवायला वर चढवलेली पुट्टी गोल फिरते. पायाच्या तारा तळव्याखाली दोन सेंटिमीटर जास्त ठेवून लाकडी ठोकळ्यात भोकं पाडून रोवायच्या. काम करताना मूर्तीला हात न लावता ठोकळा धरायचा.

उभं राहणं शिकायला पुस्तक लागत नाही, कोल्हापुरात मर्दानी खेळाचे आखाडे आहेत. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरं पट्टा फिरवतात तेव्हा पात्याकडं बघू नका, पायाकडं बघा. मी भाच्याला अंगणात काठी देऊन पवित्र्यात उभा केला आणि चारी बाजूंनी फोटो काढले. पुढचा गुडघा वाकलेला, मागची टाच उचललेली, कंबर एकीकडं वळलेली तर खांदे दुसरीकडं. गळ्याच्या खळगीपासून ओळंबा धरला तर तो दोन पावलांच्या मधे, जरा पुढच्या पायाकडं पडतो. तारेतच हे जुळलं पाहिजे. तारेत मेलेला माणूस पुट्टीनं जिवंत होत नाही.

पुट्टी दोन भागांची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती एम-सीलसुद्धा चालते. दोन्ही भाग सारखे घ्या आणि रंगाच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत मळा. एकदा घाईत माझा एक भाग कमी पडला, तर शिपायाचा दंड आठवडाभर चिकटच राहिला. शेवटी खरवडून काढला. एका वेळी सुपारीएवढीच मळा, कारण अर्ध्या-पाऊण तासात ती हाताबाहेर जाते. बोट पाण्यात बुडवत राहा म्हणजे चिकटणार नाही. हत्यारं म्हणाल तर दाभण, टूथपिक, सुईचं टोक घासून केलेली सुरी, आणि दातांच्या डॉक्टरांकडची जुनी आकडी मिळाली तर सोनं.

पहिल्या दिवशी नुसतं धड, मांड्या, डोक्याचा गोळा. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी त्यावर उघडा माणूस पूर्ण करा, छाती-पोट-पोटऱ्यांसकट. कपडे त्यानंतर. हे कुणी सांगितलं तरी पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. माझा पहिला शिपाई मी तारेवर थेट अंगरखा चढवून केला होता. सासूबाईंनी हातात घेऊन फिरवला आणि विचारलं, "हे बुजगावणं कुणाच्या शेतातलं?"

कपड्यासाठी प्लॅस्टिकच्या कागदावर टाल्कम पावडर टाकून पुट्टी लाटायची, पापडापेक्षा पातळ. अंगात बंडी, खाली गुडघ्यापर्यंत चोळणा, कमरेला शेला. तुकडे कापून अंगावर पांघरायचे. चुण्या मनाला येईल तिथं पाडायच्या नाहीत. कापड जिथं ताणलं जातं तिथूनच त्या निघतात : काखेतून, वाकलेल्या कोपरातून, शेल्याच्या गाठीतून. आता पाऊस आठवा. ओलं सुती कापड मांडीला पुढून चिकटतं आणि मागं जड होऊन लोंबतं. म्हणून पुढून चोळणा ओल्या ब्रशनं मांडीवर इतका दाबायचा की स्नायू वर दिसेल, आणि सगळ्या चुण्या मागं, गुडघ्याच्या लवणीत गोळा करायच्या. एवढं एक जमलं की बघणारा न सांगता म्हणतो, "भिजलाय गडी."

पट्ट्याचं पातं खऱ्यात साडेतीन-चार फुटांचं, म्हणजे आपल्याला पाच सेंटिमीटर लांब आणि दीड मिलीमीटर रुंद. पावडरच्या डब्याचा पत्रा कापा, कडा कानशीनं घासा, किंचित बाक द्या. ढाल दोन सेंटिमीटरची, चमच्याच्या पाठीवर पुट्टी पसरून वाळवलेली, वर चार फुलं. ढाली-तलवारींची ठेवण बघायला न्यू पॅलेसच्या संग्रहालयात एक दुपार घालवा. पाय मी अनवाणीच ठेवते. लोक कोल्हापुरी घाला म्हणतात, पण चिखलात रुतलेली बोटं मला जास्त आवडतात.

पॉलिश पेपर आधी चारशे नंबर, मग सहाशे. वर राखाडी प्रायमरचा फवारा. तो पावसाळी हवेत मारू नका, माझ्या एका शिपायावर त्यानं पांढुरकी झाक धरली होती आणि सगळं परत घासावं लागलं.

रंग ॲक्रिलिक, पाणी घालून दुधाइतका पातळ, तीन-चार हात. कातडीला बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरीत, पिवळसर मातकट रंग आणि चिमूटभर पांढरा. सावलीत काळा घालायचा नाही, बर्न्ट अंबरमध्ये, म्हणजे गडद तपकिरीत, थोडा निळा घाला. पांढऱ्या कपड्याची सुरुवात मळकट राखाडीनं करा, कोरा पांढरा फक्त खांद्यावर आणि मुंडाशाच्या माथ्यावर. खाली जाताना कापड गडद करत न्या, ओलं कापड गडदच दिसतं.

आता डोळे, माझा प्रांत. गणपतीची आखणी करताना बुब्बुळ असं बसवतात की समोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला वाटावं, देव माझ्याकडंच बघतोय. पहिल्या दोन शिपायांना मी सवयीनं तसेच डोळे दिले. लढाई सोडून ते माझ्या तोंडाकडं बघत बसले. शिपायाची नजर पात्याच्या टोकापलीकडं गेली पाहिजे, म्हणून दोन्ही बुब्बुळं त्या बाजूला सरकवा. आत कोरा पांढरा भरू नका, मळका पिवळसर भरा. बुब्बुळ वरच्या पापणीला टेकलेलं हवं, त्याच्याभोवती चारी बाजूंनी पांढरं दिसलं तर माणूस दचकलेला वाटतो. ब्रश ००० नंबरचा. श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आत टिंब. चुकलं तर ओल्या ब्रशनं लगेच टिपून घ्या, वाळल्यावर खरवडू नका.

सगळ्याला मॅट वॉर्निश मारून घ्या. मग पन्हाळ्याची तांबडी माती मलमलच्या कपड्यातून चाळून फेविकॉलच्या पाण्यात कालवा आणि तळव्यापासून पोटरीपर्यंत थापा, वर जाताना नुसते शिंतोडे. वाळली की माती फिकी पडते. तेव्हा तिच्यावर, चोळण्याच्या कडेवर आणि पात्यावर चकचकीत वॉर्निशचा एक हात द्या, परत ओली दिसते.

दिवाळीत तो काचेच्या पेटीत बसून किल्ला बघतो. किल्ल्यावर ठेवायला मी देत नाही, तिथं शाडूचे मावळे आहेतच.