लग्नपत्रिकांतून बोरन्हाणाचे दागिने

आमच्या घरी लग्नपत्रिका रद्दीत जात नाहीत. साडीच्या एका रिकाम्या खोक्यात त्या वर्षभर साठतात आणि नाताळच्या सुट्टीत खोका माळ्यावरून खाली येतो. नाशिकच्या थंडीत सकाळी पोरं खाली खेळायला जात नाहीत, उन्हाची तिरीप येते तिथे सतरंजीवर पसरतात. भाचरं आणि शेजारची मिळून पाच जण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुणा ना कुणाचं बोरन्हाण असतंच. त्या बाळाचे दागिने हीच मंडळी करतात.

विकतचे दागिने सुबक असतात, नाही म्हणत नाही. पण बाळ ते दहा मिनिटं अंगावर ठेवलं तरी खूप. दहा मिनिटांपुरतं करायचंय म्हटलं की हात मोकळा होतो.

विकत आणायचा तो फक्त हलवा, १०० ग्रॅम. शिवाय खायला वेगळा आणा, नाहीतर हार अर्ध्यातच संपतो. बाकी घरातलंच: जाड पत्रिका, मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद, विरलेल्या साडीचा जरीकाठ, परकराची जुनी नाडी, वर्तमानपत्र, फेव्हिकॉल.

पत्रिकेवरच्या गणपतीवर कात्री चालवायला आमच्याकडे कुणी धजत नाही. ते गणपती आधी अलगद कापून बाजूला ठेवते. आहेराच्या पाकिटांवर चिकटवायला उपयोगी पडतात.

पहिलं काम सर्वांत धाकट्याचं. ताटात हलवा ओतायचा आणि दाणे निवडायचे: मोठे एका वाटीत, बारके दुसऱ्या. हे वेळ घालवायला दिलेलं काम नव्हे. सारख्या मापाचे दाणे असले तर मधल्या एका दाण्याभोवती बरोबर सहा बसतात आणि फूल होतं. लहानमोठे मिसळले की कुठेतरी फट राहतेच. आमच्या सहा वर्षांच्या पठ्ठ्याने पाच आणि सात लावून पाहिल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवला नाही. हात मात्र कोरडे हवेत. ओल्या बोटांनी हलव्याचे काटे विरघळतात आणि रंग बोटांना लागतो.

हलव्याला सुई लावली की दाणा फुटतो. जुन्या बायका दोऱ्याचा फास काट्यांत अडकवून एकेक दाणा बांधतात. मला ते जमतं, पोरांना जमत नाही, म्हणून आम्ही हाराला चकत्या करतो. बाटलीचं झाकण पत्रिकेवर ठेवून गिरवायचं, सात गोल कापायचे, प्रत्येकावर एक फूल. फेव्हिकॉलचा पातळ हात द्यायचा, जरा चिकट होऊ द्यायचा आणि मग दाणे ठेवायचे. एकदा घाईत बदाबदा ओतला होता, तर दाणे घसरून सगळे कडेला जमले. चकत्या रात्रभर आडव्याच वाळू द्या. सकाळी त्या नाडीवर शिवते मी. सुई माझ्याच हातात.

मुकुटाचं माप सुतळीने घ्या. वर्षाच्या बाळाचं डोकं साधारण ४५-४६ सेंटीमीटर भरतं. पुढची पट्टी २५ सेंटीमीटर लांब, मध्ये ७ सेंटीमीटर उंच आणि दोन्ही टोकांना निमुळती कापायची. मागे नाडी, म्हणजे घट्ट-सैल करता येते. कपाळाला टोचेल अशी कड ठेवू नका, आतून जरीकाठाची घडी चिकटवा. पिसासाठी आम्ही हिरव्या ब्लाउजपीसची चिंधी पानासारखी कापतो आणि मध्ये निळ्या कागदाचा डोळा. खऱ्या मोरपिसासाठी हट्ट होतो, पण बाळ ते पहिल्यांदा डोळ्यातच घालतं.

बाजूबंद म्हणजे चार सेंटीमीटरची पट्टी, नाडी आणि एक फूल. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बासरी सगळ्यांना करायची असते. वर्तमानपत्राचं अर्धं पान पेन्सिलीवर तिरकं घट्ट गुंडाळायचं, शेवटचा कोपरा चिकटवायचा, पेन्सिल ओढून काढायची आणि वीतभर तुकडा कापायचा. वर सोनेरी कागद, भोकांच्या जागी काळे ठिपके. हिच्यावर हलवा लावू नका. बासरी आधी तोंडात जाते, आणि सुटलेला दाणा बाळाच्या घशात अडकू शकतो. हारही त्याच कारणाने फोटोपुरताच घालायचा, कुणीतरी शेजारी बसून. फोटो झाला की हार काढून मगच बोरं-चुरमुऱ्यांचं माप ओतायचं.

तयार दागिने पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन वर्षांपूर्वी ताटात फडक्याखाली ठेवले होते. सकाळी मुकुटावर मुंग्यांची रांग, आणि बोरन्हाण संध्याकाळी पाचला. त्या दिवशी बाळाने नुसती बासरी घेऊन काळ्या झबल्यात मिरवलं. मुंबई-कोकणात हवा दमट, तिथे हलवा लवकर पाझरतो, तेव्हा फुलं आदल्या दिवशीच चिकटवा.

गेल्या वेळचा मुकुट बाळाने पहिल्याच मिनिटाला ओढून उलटा धरला. फोटोत त्याच्या हातात मुकुटाची आतली बाजू आली आहे, आणि जिथे जरीकाठ सुटलाय तिथे स्पष्ट वाचता येतं: ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’