पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगावर ओला चट्टा उठला तर

सकाळी काहीच नव्हतं आणि संध्याकाळी कानामागे किंवा शेपटीच्या बुंध्याशी तळहाताएवढा लालभडक, चिकट चट्टा! लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांना पावसाळ्यात हे नवं नाही. डॉक्टर याला ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. आधी कशाने तरी खाज सुटते, मग कुत्रा चाटतो, चावतो, कातडी सोलवटते, ओल्या केसांखाली जंतू माजतात आणि खाज आणखी वाढते. जखम बहुतेक वेळा त्याची त्यानेच वाढवलेली असते. म्हणून मलम शोधण्याआधी त्याचं तोंड तिथून लांब ठेवा.

‘कुत्र्याच्या जिभेत औषध असतं, चाटू दे’ असं घरात कोणीतरी म्हणेलच. ऐकू नका. पेट शॉपमधला प्लास्टिकचा कोन गळ्यात घाला. नाक कोनाच्या आत राहायला हवं. बाहेर आलं तर जीभ पोहोचतेच. पहिल्या दिवशी तो दारांना धडकेल, रुसून बसेल. दया येऊन काढून टाकू नका, जेवताना तुमच्या डोळ्यांसमोर तेवढा काढा. चट्टा कानामागे असेल तर मागच्या पायात जुना मोजा चढवा, म्हणजे नखं लागणार नाहीत.

आता केस. दुखरी जागा आहे, गुणी कुत्राही चावू शकतो, तेव्हा एकाने धरावं आणि तोंडाला जाळी बांधावी. दम लागत असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र जाळी नको. कात्री वापरू नका. चिकटलेल्या केसांबरोबर कातडी कापली जाते. ट्रिमरने चारी बाजूंनी निरोगी कातडी दिसेपर्यंत केस काढा. केसांखाली चट्टा वरून दिसतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो. हातच लावू देत नसेल तर झटापट करू नका, हे काम दवाखान्यात करून घ्या.

अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट छोटा चमचा मीठ घालून जागा धुवा. नंतर बीटाडिनचं द्रावण पाण्यात फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ करून लावा. कापसाचे तंतू चिकटतात, गॉज म्हणजे जाळीदार पट्टीचं कापड बरं. न चोळता टिपून कोरडं करा आणि उघडंच ठेवा. दिवसातून दोनतीनदा हेच करा.

हळद-तेलाचा लेप ओल आत कोंडतो. डेटॉल, फिनाईल, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. माणसांची स्टेरॉइडची क्रीम नको. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर मुळीच देऊ नका, कुत्र्याला ती विषारी ठरू शकतात.

दिवसभरात चट्टा पसरला, पू किंवा वास आला, ताप आला, डोळ्याजवळ असेल किंवा पिल्लू असेल तर थांबू नका, पशुवैद्याकडे न्या. जखमेला छिद्र पडून आत वळवळ दिसली तर अळ्या झाल्या आहेत. टर्पेंटाईन ओतायची जुनी रीत कातडी जाळते. अळ्या दवाखान्यातच काढून घ्या. दुसऱ्या कुत्र्याने चावल्याची जखम असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि आधी लस झालेली असली तरी रेबीजच्या लशीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. चट्टा कोरडा, गोल, केस गळलेला असेल आणि घरातल्यांच्याही हाताला खाज येत असेल तर तो नायटा किंवा खरूज असू शकते. औषध वेगळं, निदान डॉक्टरांनीच करावं.

चट्टा सुकला तरी खाज कशाने सुटली ते शोधा, नाहीतर पुढच्या सरीला पुन्हा तेच. बारीक फणीने पाठ विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग उतरला तर ती पिसवांची विष्ठा आहे. कान उलटून वास घ्या. कानातला संसर्गही चट्ट्याचं मूळ असतो. फिरून आल्यावर केस मुळापर्यंत पुसा. पिसवांची अंडी गोधडीत आणि सोफ्याखाली पडतात, तेव्हा अंथरूण गरम पाण्यात धुवा. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं पिसवांचं औषध निवडण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. अशा काही औषधांत असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेतू शकतं.