काँगो टेट्रा पाळताना या चुका टाळा

काँगो टेट्रा हा काचेच्या टाकीत पाळला जाणारा, थव्याने राहणारा मासा दगावला की तो नाजूक होता असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात दोष बहुधा मांडणीचा असतो. दुकानातली फिकट, रुपेरी पिल्ले पाहून दोन फुटी टाकीत एखादी जोडी आणून सोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. नर आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि थवा नसेल तर हा मासा कोपऱ्यात दबून राहतो, रंग धरत नाही. निदान सहा, जमल्यास दहा मासे आणि चार फुटी टाकी, यांत काटकसर करू नये. पांढरी वाळू आणि भगभगीत दिवे टाळून वर तरंगत्या वनस्पती सोडल्या की मासे पुढे येऊ लागतात.

वयात आलेल्या नराच्या शेपटीचे मधले काटे लांबून झालरीसारखे बाहेर येतात. टायगर बार्ब हा पर कुरतडणारा मासा सोबत असेल तर ही झालर टिकत नाही. पर फाटलेला दिसताच औषध ओतण्याची घाई मात्र करू नये. कड स्वच्छ तुटलेली असेल तर शेजाऱ्याने कुरतडले आहे, आणि उपाय शेजारी बदलणे हाच. कड पांढुरकी होऊन रोज थोडी थोडी झिजत असेल तर ती कूज, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा अस्वच्छ पाण्यात सापडते.

पाण्याच्या बाबतीत इंदूरकरांनी अधिक सावध असावे. नर्मदेच्या नळाचे पाणी थेट ओतल्यास त्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करते आणि फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूही मारते, म्हणून अँटी-क्लोरीन मिसळूनच ते वापरावे. बोरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसले तरी ते पुष्कळदा जड, म्हणजे क्षार जास्त असलेले असते. काचेवर पांढरा थर धरत असेल तर त्यात आरओचे पाणी मिसळावे. या माशांना 6 ते 7.5 पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) मानवतो, तरीही रसायने टाकून तो सारखा खालीवर करण्यापेक्षा सातच्या आसपास स्थिर ठेवणे केव्हाही बरे. पीएच आणि तापमान दोन्ही चढले की माशांच्या उत्सर्गातून पाण्यात येणारा अमोनिया अधिक विषारी होतो, शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यामुळे मे महिन्यात मासे पृष्ठभागाशी तोंड उघडताना दिसल्यास खाणे थांबवून चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि एअर पंप वाढवावा.

हे मासे उडी मारतात, तेव्हा झाकणातली फिल्टरच्या नळीची फटही बुजवावी. हिवाळ्यात रात्री पारा उतरतो, म्हणून 25 अंशांवर लावलेला हीटर दिवाळीनंतर लगेच तपासून घ्यावा.