कंत्राटातल्या तक्रारींची नोंद आणि अहवाल

कंत्राटी कामाबद्दल ग्राहकांकडून येणाऱ्या तक्रारी नोंदवून त्यांचा अहवाल द्यायचा असेल, तर सुरुवात कंत्राटापासूनच करा. तक्रार कशाला म्हणायचं, पोच किती तासांत, निवारण किती दिवसांत, अहवाल कोणत्या तारखेला, हे कलम क्रमांकासह एका कागदावर उतरवून घ्या.

मग नोंदवही. एक्सेल पुरतं. प्रत्येक तक्रारीला एकच क्रमांक. रकाने म्हणजे मिळाल्याची तारीख-वेळ, माध्यम, ग्राहकाचे स्वतःचे शब्द, प्रकार, जबाबदार माणूस, पोच, बंद केल्याची तारीख. खरा घोळ तारखेत होतो. फोन सोमवारी आला, नोंद बुधवारी झाली आणि मुदत बुधवारपासून धरली, की दोन दिवस गायब! तक्रार मिळाली तो क्षण धरा. तीच अडचण परत आली तर नवा क्रमांक नको, जुनी नोंद पुन्हा उघडा; नाहीतर अर्धवट सोडवलेल्या तक्रारी नव्यांत दडून जातात.

अहवाल पाठवण्याआधी ताळा घ्या: मागील शिल्लक १२, नव्या ३०, पुन्हा उघडलेल्या २, बंद ३५, म्हणजे शिल्लक ९. जुळत नसेल तर पाठवूच नका. मुदत उलटलेल्या तक्रारी कारणासह वेगळ्या दाखवा, निवारणाला लागलेल्या दिवसांची नुसती सरासरी फसवी असते. ग्राहकाचं नाव आणि फोन नंबर अहवालात नको, तक्रार क्रमांक पुरे.